ॲडमिट केलं तर म्हणे ओपीडीत भागलं असतं, ओपीडीला गेलं तर कव्हर नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

इन्शुरन्स कंपनीचं पत्र आलं, दोन पानी, इंग्रजीत. मुलीने वाचून दाखवलं. कामाची ओळ एकच होती, की पेशंटला ॲडमिट करायची गरज नव्हती, ओपीडीत उपचार झाले असते, म्हणून क्लेम नामंजूर. पाच दिवस चहाशिवाय पोटात काही नाही, रात्र रात्र गॅलरीत उभा राहणारा माणूस, त्याला घरीच ठेवायचा होता म्हणजे.

आमच्या ह्यांना डिप्रेशनचा त्रास आहे, सात वर्षं झाली. सातपूरला एमआयडीसीत नोकरी, कंपनीची ग्रुप पॉलिसी, त्यामुळे आपल्याला काय काळजी असं वाटायचं. वेळ आली तेव्हा पुतण्याने ॲपवरून नेटवर्क हॉस्पिटलची, म्हणजे इन्शुरन्स कंपनीशी करार असलेल्या हॉस्पिटलची, लिस्ट काढून दिली, मी ती किराण्याच्या वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतली आणि एकेकाला फोन लावत बसले. चौदा नंबर. दोन लागलेच नाहीत, एक डोळ्यांचं हॉस्पिटल निघालं, एक बाळंतपणाचं. एका मोठ्या हॉस्पिटलातली मुलगी म्हणाली मानसोपचारवाले सर गुरुवारी येतात मॅडम, पण तसले पेशंट आम्ही ठेवून घेत नाही. तसले. मी पुढे काही न बोलता फोन ठेवला. चौदापैकी ॲडमिट करून घेणारं एक मिळालं ते पुण्यात, आणि ह्या अवस्थेत चार-पाच तास गाडीत कसं न्यायचं सांगा.

शेवटी ज्यांची ट्रीटमेंट चालू होती त्याच डॉक्टरांकडे नेलं. त्यांच्याकडे नऊ खाटा. ते नेटवर्कमध्ये नाहीत. जानेवारी २०२४ पासून कॅशलेस एव्हरीव्हेअर म्हणून सुरू झालंय, नेटवर्कबाहेर पण कॅशलेस, म्हणजे बिल कंपनीच परस्पर भरते, इमर्जन्सी असेल तर ४८ तासांत कळवायचं, ते पण आम्ही कळवलं. पण त्यात हॉस्पिटलला किमान पंधरा खाटांची अट. आता मनोविकाराची खासगी हॉस्पिटलं बहुतेक अशीच छोटी असतात, बंगल्याच्या खालच्या मजल्यावर, मग ही सोय नेमकी कोणासाठी केली. भरले पैसे खिशातून, अकरा दिवसांचे बासष्ट हजार, आणि ते परत मिळावेत म्हणून क्लेम टाकला, त्याचं उत्तर वर सांगितलंच.

कायदा नाही असं नाही हो. मानसिक आरोग्य कायदा २०१७ चा, तो २९ मे २०१८ पासून लागू आहे, कलम २१ पोटकलम ४ मध्ये सरळ लिहिलंय की शारीरिक आजाराला जसा विमा तसाच मानसिक आजाराला द्यायचा. आयआरडीएआयने, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, ऑगस्ट २०१८ मध्ये सर्क्युलर काढलं, तरी कंपन्या हलेनात, २०२१ मध्ये दिल्ली हायकोर्टाने एका केसमध्ये सांगितलं की कायदा लागू झाल्यावर मानसिक आजार पॉलिसीतून वगळता येणार नाही, मग परत आयआरडीएआयने ३१ ऑक्टोबर २०२२ पर्यंतची मुदत दिली सगळ्या पॉलिसींना. आमच्या पॉलिसीत पण ते वाक्य आहे, मी पेन्सिलने खूण करून ठेवलीय.

पण गोम इथेच आहे. पॉलिसी पैसे देते ॲडमिट झालं तर, ते पण निदान चोवीस तास. आणि ह्या आजारात ॲडमिट व्हायची वेळ येऊ नये म्हणूनच तर सगळी ट्रीटमेंट असते, महिन्याला डॉक्टर, आठवड्याला काउन्सेलिंग, रोजच्या गोळ्या. ती सगळी ओपीडी, आणि ओपीडी आमच्या पॉलिसीत नाही. काउन्सेलिंगचे एका वेळचे बाराशे, सुरुवातीला दर आठवड्याला जायचो, नंतर महिन्यातून एकदा, मग मुलीच्या क्लासची फी आली आणि बंदच केलं, आणि त्यानंतर तीन महिन्यांत हे सगळं झालं. म्हणजे जे केलं असतं तर ॲडमिट करावं लागलं नसतं त्याला पैसे नाहीत, आणि ॲडमिट केलं तर तेच आधी का नाही केलं म्हणून पैसे नाहीत. डिस्चार्जनंतरच्या साठ दिवसांचा औषधांचा खर्च मिळतो म्हणून बिलं जपून ठेवली होती, मूळ क्लेमच गेल्यावर ती पण रद्दी.

मोतीबिंदूला चोवीस तासांची अट नाही, डायलिसिसला नाही, केमोला नाही, कारण ते डे केअरच्या, म्हणजे त्याच दिवशी घरी सोडायच्या उपचारांच्या, लिस्टमध्ये आहे, आणि तिथे ओरडणारे लोक आणि डॉक्टर आहेत. आमच्यासाठी ओरडणार कोण, ज्याला आजार आहे तोच तोंड लपवून बसतो. ह्यांच्या नोकरीच्या ठिकाणी क्लेमचे कागद एचआरमधून जातात, डायग्नोसिससकट. हे फॉर्म द्यायला गेले तेव्हा तिथला माणूस कागदाकडे बघून एवढंच म्हणाला, अरे, तुम्ही पण? तेव्हापासून हे कँटीनमध्ये जेवत नाहीत, डबा मशीनजवळ बसून खातात.

आयआरडीएआयने कंपन्यांना दोनच गोष्टी सांगाव्यात. लिस्टमध्ये मनोविकाराचे पेशंट खरंच ॲडमिट करून घेणारी हॉस्पिटलं वेगळी दाखवा, जिल्ह्यात एकही नसेल तर जवळचं छोटं हॉस्पिटल कॅशलेस धरा. आणि मानसोपचाराची ओपीडी, काउन्सेलिंगसकट, वर्षाला काहीतरी रक्कम ठरवून द्या, फुकट नको, पण द्या.

आम्ही आधी इन्शुरन्स कंपनीकडेच लेखी तक्रार केली होती, महिना उलटला, काही नाही, म्हणून आता पुण्याच्या विमा लोकपालांकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्यांकडे, कागद पाठवलेत, तिथे फी नाही आणि वकील पण लागत नाही हे मला चौकशी केल्यावर कळलं, कंपनीच्या पत्रात शोधून शोधून डोळे दुखले. ओपीडीत भागलं असतं असं लिहून आलेला क्लेम कोणी परत मंजूर करून घेतला असेल तर त्यांनी तुमच्या पेपरात जरूर कळवावं, डॉक्टरांच्या सर्टिफिकेटमध्ये नेमकं काय लिहून घेतलं ते हवंय. माझं नाव छापू नका, का ते वर सांगितलंच आहे.

एक वाचक, सिडको, नाशिक