कुंकवाचं बोट

प्रिय दत्ता,
रामराम.

परवा माळ्यावरची काळी ट्रंक खाली काढली. वाळवी लागलीय का बघायला उघडली, तर तळाशी तुझी पत्रं. निळी आंतरदेशीय, मोजून एकतीस. पंख्यानं तुकडे पडतील म्हणून पंखा बंद केला आणि घाम पुसत सगळी वाचून काढली. आई सांगेल ते तू लिहायचास आणि शेवटी दोन ओळी स्वतःच्या घुसडायचास. इंग्लंडच्या गूचनं वानखेडेवर स्वीप मारमारून आपल्याला घरी बसवलं, हे मला तुझ्याकडूनच कळलं. सामना ५ नोव्हेंबर १९८७चा, पत्र हातात पडलं डिसेंबरात!

माझी पत्रं आईनं ठेवली असली तरी त्यात काय असणार? ‘मी मजेत आहे. जेवण चांगलं आहे. काळजी नसावी.’ जागेचं नाव लिहायला बंदी, पत्ता नुसता ५६ एपीओ, म्हणजे लष्कराचं टपाल. आता कोण विचारतंय? श्रीलंकेत जाफन्यात होतो, पलालीच्या रस्त्याला, छप्पर उडालेल्या एका घरात. जुलैत भारत-श्रीलंका करार झाला तेव्हा तिथलं सरकारी सैन्य आणि एलटीटीईचे तमिळ बंडखोर, या दोघांच्या मधे उभं राहायला म्हणून आम्हाला पाठवलं होतं. ऑक्टोबरात एलटीटीईशी आमचीच जुंपली. त्यांच्याकडे एके-४७, आमच्या खांद्यावर ती जडशीळ एसएलआर रायफल.

पण गोळीबार रोज नसायचा रे. रोज असायचं ते वेगळंच. पहाटे अंधारात स्टँड-टू, म्हणजे हत्यार घेऊन सगळे सज्ज, मग सुरुंग शोधत रस्ता उघडायला निघायचं. दोन्ही कडांनी, एकमेकांत अंतर राखून. कुठं माती नव्यानं उकरलीय का, मोरीखालून वायर गेलीय का, एवढंच बघत चालायचं. तिथली माती लाल, आपल्या महाबळेश्वरासारखी. त्यामुळे पहिल्यांदा बरं वाटलं होतं. नंतर ती माती बघितली की पोटात गोळा यायचा. रजेवर आल्यावर शेताच्या बांधावरनं मी खाली बघत चालायचो आणि तू हसायचास, आठवतं?

परत आलं की वाळूची पोती भरा, लंगरला कांदे सोला, दोन तास पहारा. दुपारी दारूगोळ्याच्या पेटीवर कागद ठेवून पत्र लिहायचो. पेन्सिलनं, कारण घामानं शाई पसरायची.

आंघोळीला मागच्या घरातली विहीर. एकानं पाणी ओढायचं, दुसऱ्यानं बंदूक धरून उभं राहायचं. त्या घरात एक म्हातारी एकटीच राहायची. आम्हा सगळ्यांना ‘तंबी’ म्हणायची, म्हणजे धाकटा भाऊ. एकदा तिनं पदराखालून फोटो काढून माझ्यापुढं धरला. शाळेच्या गणवेशातला पोरगा, तेल लावून चापूनचोपून भांग पाडलेला. मला तमिळ येत नव्हतं, पण ‘याला कुठं बघितलंस का’ एवढं कळायला भाषा कशाला लागते? तो पळाला होता, पकडला गेला होता की आमच्याच वाटेवर सुरुंग पेरत होता, देव जाणे. मी मान हलवली. दुसऱ्या दिवशी विहिरीवर गेलो तेव्हा बादली आधीच भरून ठेवलेली होती. उद्या तिचाच पोरगा समोर आला तर आपण काय करणार, हा विचार मी त्या बादलीतल्या पाण्याबरोबर डोक्यावर ओतून टाकला. दुसरं काय करणार होतो?

आता ज्यासाठी लिहायला बसलोय ते. तुझ्या पत्रांच्या कोपऱ्यात आई कुंकवाचं बोट उमटवायची. पत्र आलं की मी आधी ते बघायचो, मग मजकूर. पहिल्या बारा पत्रांवर ते बोट आहे. तेराव्यावर नाही. मला वाटलं घाईत राहिलं असेल. चौदाव्यावरही नाही. मजकुरात मात्र तू लिहिलेलं, ‘आबा रानात गेलेत, त्यांचा आशीर्वाद.’ त्या रात्री दोन ते चार माझी ड्यूटी होती. ताडाची झावळी वाजली तरी मी दचकलो नाही, इतका गार पडलो होतो.

कुणाला बोललो नाही. रजा मिळण्यासारखी परिस्थिती नव्हती. आणि तुम्ही लपवलंय तर मला कळलंय हे तुम्हाला कळू नये, असंही वाटलं. पुढं एसटी स्टँडवर तू मिठी मारून रडलास, म्हणालास, आईनंच शपथ घातली होती, बंदूक हातात असताना त्याचं ध्यान उडेल म्हणून. मी तेव्हा पहिल्यांदाच ऐकल्यासारखा मटकन खाली बसलो. नाटक होतं दत्ता. तोवर मला कळून पाच महिने झाले होते.

आईला जाऊनही आता बरीच वर्षं झाली, म्हणून विचारतो. त्या पाच महिन्यांत प्रत्येक पत्राच्या शेवटी मी ‘आबांना साष्टांग नमस्कार’ लिहीत राहिलो. पत्र तूच तिला वाचून दाखवायचास. ती ओळ तू वाचायचास, की गाळायचास?

तुझा,
शिवा