हिर्टाच्या खोऱ्यात सोबत आलेल्या पुरातत्त्वज्ञ ताईंना

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

वयाने तुम्ही माझ्या धाकट्या मुलीएवढ्या असाल, तरीही मी तुम्हाला ताई म्हणतो, कारण ज्यांच्याकडून काही शिकायला मिळाले त्यांना एकेरी हाक मारण्याची आमच्या घरात पद्धत नाही. निघताना धक्क्यावर मी इंग्रजीत दोन शब्द कसेबसे बोललो आणि होडीत उतरलो. तेवढ्याने माझे समाधान झाले नाही, म्हणून ज्या भाषेत मी विचार करतो त्या भाषेत हे पत्र लिहीत आहे. मुलगी त्याचे भाषांतर तुम्हाला पाठवील. मराठीत ते सर्वांसमोर ठेवण्याचे कारण असे की, तुमच्या बेटावर आदळलेल्या विमानांची हकीकत आमच्याकडे फारशी कुणाला ठाऊक नाही, आणि वायुदलात माझ्याबरोबर इंजिनांच्या तेलाने हात काळे केलेल्या माणसांनी ती वाचावी अशी माझी फार इच्छा आहे. तुमचे नाव मात्र येथे लिहीत नाही. ते न विचारता लिहिणे मला योग्य वाटत नाही.

वाचकांसाठी थोडी माहिती देणे आवश्यक आहे. स्कॉटलंडच्या पश्चिमेला हेब्रिडीज बेटांची रांग आहे आणि त्या रांगेच्याही पलीकडे, अटलांटिक महासागरात सुमारे ६५ किलोमीटर आत, सेंट किल्डा हा छोटासा द्वीपसमूह आहे. हिर्टा हे त्यातले सर्वांत मोठे बेट. समुद्रपक्षी आणि मेंढ्या यांवर पिढ्यानुपिढ्या गुजराण करणारी तिथली वस्ती आटत आटत ३६ माणसांवर आली, तेव्हा त्यांनीच केलेल्या विनंतीवरून २९ ऑगस्ट १९३० रोजी त्यांना बेटावरून हलवण्यात आले. त्यामुळे दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा तेथे कायमची वस्ती अशी उरलेली नव्हती. अशा या ठिकाणी युद्धाच्या काळात तीन लष्करी विमाने आदळली. ३ आणि ४ जून १९४३ च्या मधल्या रात्री एक ब्यूफायटर कोनाखेर या ४३० मीटर उंचीच्या शिखरावर आदळले व त्यातील दोघेही गेले. साधारण एका वर्षाने, ७ आणि ८ जून १९४४ च्या मधल्या रात्री, पाण्यावर उतरणारे चार इंजिनांचे एक सुंदरलंड विमान ग्लेन मोर या खोऱ्याच्या माथ्याशी आदळले आणि त्यातील दहाही जण मृत्युमुखी पडले. तिसरे वेलिंग्टन, हिर्टाला लागूनच असलेल्या सोए बेटाच्या उतारावर.

मी भारतीय वायुदलात इंजिन फिटर होतो. सुरुवातीची काही वर्षे डाकोटा या मालवाहू विमानाच्या रेडियल, म्हणजे सिलिंडर गोलाकार मांडलेल्या, इंजिनांवर काम केले आणि वीस वर्षांनी सार्जंट म्हणून बाहेर पडलो. मुलगी ग्लासगोला नोकरी करते. यंदाच्या जूनमध्ये तिच्याकडे आलो असताना, बापाला जुन्या इंजिनांचे वेड आहे हे जाणून तिने हॅरिस बेटावरील लेव्हरबर्गहून सुटणाऱ्या बोटीची दोन तिकिटे काढली. जवळजवळ तीन तास बोट हेलकावत होती. किनाऱ्यावर उतरण्यापूर्वी आमच्या पिशव्यांत चुकून उंदीर तर आलेला नाही ना, याची तपासणी झाली, कारण एक उंदीरही तिथल्या लाखो पक्ष्यांच्या अंड्यांना पुरेसा आहे. ती काळजी पाहून मला बेटाबद्दल आदर वाटला. आमच्या हाती चार तास होते आणि माझा उजवा गुडघा धड नव्हता.

सुंदरलंडचे अवशेष पाहायचे आहेत असे मी सांगितले, तेव्हा तुम्ही माझ्या गुडघ्याकडे पाहिलेत, आकाशाकडे पाहिलेत आणि नकाशावर बोट ठेवून वाट दाखवण्याऐवजी स्वतःच काठी घेऊन निघालात. तो तुमच्या कामाचा दिवस होता हे मला नंतर कळले. चढावर दर थोड्या अंतराने तुम्ही एखाद्या क्लेटपाशी थांबत होतात. दगड रचून वर गवताचा थर घातलेली ही कोठारे, ज्यांत तिथले लोक पक्ष्यांचे मांस आणि पिसे वाऱ्यावर सुकवत, एकट्या हिर्टावर बाराशेहून अधिक आहेत आणि प्रत्येकीची नोंद झालेली आहे, असे तुम्ही सांगितलेत. आज वाटते की, माझा दम परत यावा म्हणूनच तुम्ही प्रत्येक वेळी काहीतरी सांगण्यासारखे शोधत होतात. खोऱ्याच्या बाजूला उतरू लागलो तेव्हा स्कुआ पक्षी डोक्यावर झेपावू लागले. ते नेहमी सर्वांत उंच टोकावर हल्ला करतात म्हणून काठी डोक्याच्या वर धरायची, हेही तुम्हीच शिकवलेत.

मग त्या उतारावर मी पहिला तुकडा पाहिला. अॅल्युमिनियमचा पत्रा, रिव्हेटांच्या सरळ ओळी आणि त्यांच्या कडेने वाढलेले शेवाळ. थोडे पुढे सिलिंडर होता, त्याच्या पातळ पंख्यांमध्ये माती बसलेली. सुंदरलंडची पेगासस इंजिने नऊ सिलिंडरांची, आमच्या डाकोटाची चौदांची, पण घराणे एकच. आणि त्याच्या शेजारी गवतात एक नट होता, ज्याला लॉकिंग वायर अजून तशीच होती. ज्यांनी हे काम केलेले नाही त्यांना सांगतो: हादऱ्यांनी नट सैल होऊ नये म्हणून त्यातून तार ओवून, पीळ देऊन ती अशी बांधतात की नट सुटण्याच्या दिशेला फिरू लागला तर तार अधिकच ताणली जावी. शिकाऊ मुलगा ती हमखास उलटी बांधतो. ही तार बरोबर बांधलेली होती, पीळ सारखा होता, टोक आत वळवलेले होते, म्हणजे पुढच्या माणसाच्या बोटाला लागू नये. ऐंशी वर्षांपूर्वी हे विमान ज्या ओबानच्या तळावर होते तिथे किंवा त्याही आधी कारखान्यात, कुणीतरी हे नीट केले होते. मी खाली वाकलो आणि माझा हात त्या नटाकडे गेला.

तुम्ही माझा हात धरला नाहीत, आवाजही चढवला नाहीत. “तो तिथेच राहू द्या,” एवढेच म्हणालात आणि मग सांगितलेत की, लष्करी सेवेत असताना कोसळलेल्या प्रत्येक विमानाला १९८६ च्या कायद्याने संरक्षण आहे, तुकडा उचलणे हा गुन्हा आहे, आणि तुमच्या नोंदींत प्रत्येक तुकडा ज्या जागी पडला ती जागाही मोजलेली असते, कारण तो हलला की आदळण्याची दिशा सांगणारा एक साक्षीदार कमी होतो. हे मला ठाऊक असायला हवे होते. पन्नाशीच्या आत असताना एकदा मीही कोसळलेल्या विमानाचे तुकडे डोंगरावरून गोळा करणाऱ्या तुकडीत होतो. घाईचे हुकूम होते. आम्ही सारे पोत्यांत भरून खाली आणले आणि कुठला तुकडा कुठे होता हे नंतर कुणालाच सांगता आले नाही. ती गोष्ट मी तोवर कुणालाही सांगितली नव्हती, तुम्हाला सांगितली.

त्यानंतर मी तुम्हाला तो प्रश्न विचारला, जो प्रत्येक फिटर आयुष्यभर बरोबर वागवतो. इंजिन बंद पडले होते का? ब्रिटिश वायुदलात आणि आमच्याही वायुदलात विमान उडण्यापूर्वी फॉर्म ७०० वर फिटरची सही लागते, आणि विमान परत आले नाही की पहिली आठवण येते ती त्या सहीची. तुम्ही “नाही” म्हणून माझी समजूत काढू शकला असतात. तसे न करता तुम्ही मला खोऱ्याच्या माथ्यावर एका दगडावर बसवलेत आणि समुद्राकडे पाहायला सांगितलेत. तीन बाजूंना उंच कडा, चौथ्या बाजूला उत्तरेचा समुद्र. पंधरा मिनिटांत पश्चिमेकडून ढग आला. आधी सोए बेट गेले, मग समोरची कड गेली, मग पायांखालचा उतारही दिसेनासा झाला. डाव्या हाताला भरीव डोंगर आहे हे ठाऊक असूनही मला तिथे मोकळे आकाश असल्यासारखे वाटत होते. भर दुपारी ही स्थिती, तर रात्री काय झाले असेल? हिर्टावरचे दोन्ही अपघात जूनच्या पहिल्या आठवड्यात झाले, जेव्हा त्या अक्षांशावर रात्र जेमतेम काही तासांची असते आणि पुरती काळोखीही होत नाही. वैमानिक सरावाच्या उड्डाणावर होते, खाली एकही दिवा नव्हता, आणि अथांग समुद्रात ही एकच ४३० मीटरची भिंत. “कागदोपत्री जेवढे आहे त्यापेक्षा अधिक मी सांगू शकत नाही, पण ही जागा तुम्ही स्वतः पाहा,” असे तुम्ही म्हणालात. इतक्या प्रामाणिकपणे मला आजवर कुणी उत्तर दिले नव्हते.

तिथे बसल्याबसल्या मी तुम्हाला आमच्या बाजूची एक गोष्ट सांगितली आणि तुम्ही ती वहीत लिहून घेतलीत. त्याच जून १९४४ मध्ये याच जातीची विमाने ब्रह्मदेशातल्या इंडॉजी सरोवरावर उतरून जपानी फळीच्या मागे घुसून लढणाऱ्या चिंडित सैन्यातले पाचशेहून अधिक जखमी आणि आजारी सैनिक आसामात ब्रह्मपुत्रेवर आणत होती, तेही ऐन पावसाळ्याच्या ढगांतून. एकाच जातीचे विमान, एकच महिना, एकाच्या नशिबी खोरे आणि दुसऱ्याच्या नशिबी नदी.

वेलिंग्टनचा प्रश्नही तुम्ही मला नीट उलगडून दाखवलात. सप्टेंबर १९४२ मध्ये हरवलेले एक आणि फेब्रुवारी १९४३ मध्ये हरवलेले दुसरे, अशा दोन विमानांपैकी सोएवरचे कोणते यावर दोन मते आहेत. त्या बेटावर होडी लावणेच इतके कठीण आहे की शोध घेणारेही मोजके. क्रमांकाची एक पट्टी सापडली तर त्या दोहोंपैकी एका विमानातल्या माणसांच्या कुटुंबांना आपला माणूस कुठे आहे ते कळेल. तुम्ही हे सांगताना त्या कुटुंबांचा उल्लेख आधी केलात आणि विमानाचा नंतर, हे माझ्या लक्षात राहिले आहे.

ढगामुळे आपल्याला परतायला उशीर झाला. तुम्ही वायरलेसवरून बोटीच्या कप्तानाला थांबायला सांगितलेत आणि उतारावर प्रत्येक पावलाला माझ्या खालच्या बाजूने चाललात, म्हणजे मी घसरलो तर तुमच्यावर पडेन. गावातल्या चर्चमध्ये तिन्ही विमानांतील मृतांसाठी लावलेला फलक पाहायला दोनच मिनिटे मिळाली. तेवढ्यात मी पायांतले बूट काढून उभा राहिलो. त्या वेळी तुम्हीही काही न विचारता काढलेत. त्याबद्दल, गुडघ्याबद्दल, बोटीबद्दल आणि त्या उत्तराबद्दल मी तुमचा मनापासून ऋणी आहे.

आता एक दुरुस्ती, जी तुमच्या नोंदवहीत कृपया करून घ्यावी. ओढ्याच्या काठच्या वाकलेल्या नळीला मी पुशरॉडचे, म्हणजे झडप उघडणाऱ्या दांड्याचे, आवरण म्हणालो होतो आणि तुम्ही तसे लिहून घेतलेत. घरी येऊन इंजिनाची रेखाचित्रे पाहिली. पुशरॉडचे आवरण इतके रुंद नसते. ती नळी माझी चार बोटे शेजारी ठेवल्यावर जेवढी होती, तेवढी असेल तर ती सिलिंडरकडे हवा-इंधनाचे मिश्रण नेणारी नळी असावी. तिच्या एका टोकाला दोन बोल्टांची भोके असलेली पट्टी आहे का, हे पुढच्या वेळी खोऱ्यात जाल तेव्हा पाहावे आणि, सवड असल्यास, मला कळवावे.

आपला कृतज्ञ,
एक निवृत्त इंजिन फिटर,
पुणे