पॅनल लावण्याआधी दुरुस्ती कोणाची ते ठरवा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

नवी मुंबई-ठाण्यातल्या पालिका शाळांत, विशेषतः करार करून संस्थांना चालवायला दिलेल्या शाळांत टच पॅनल (फळ्यासारखे वापरायचे, बोटाने चालणारे मोठे पडदे) बसवायचे तर मनापासून स्वागत आहे. पालिकेच्या शाळेतल्या मुलांना चांगली साधने मिळायलाच हवीत. मात्र निविदेत इंच आणि दर एवढेच पाहिले, तर वर्षभरात पॅनलवर चादर पडते.

मागच्या बाकावरून अक्षर वाचता यायचे तर अंतर पडद्याच्या उंचीच्या साधारण सहापट असावे, त्याहून जास्त नको. ६५ इंची पॅनलची उंची सुमारे ८१ सेंमी, म्हणजे पाच मीटरच्या आतच वाचन नीट होते. ७५ इंचीला ही मर्यादा साडेपाच मीटर. सात मीटर लांब वर्गात शेवटच्या रांगेसाठी अक्षर मोठेच ठेवावे लागते, हे शिक्षकांना पहिल्याच दिवशी सांगायला हवे. ७५ इंची पॅनलचे वजन ५० किलोच्या आसपास असते. चार इंची विटेच्या किंवा सायपोरेक्सच्या (हलक्या, सच्छिद्र काँक्रीट ठोकळ्यांच्या) भिंतीत ते साध्या स्क्रू-गिट्टीवर टांगू नये. आरपार बोल्ट घालून मागून लोखंडी पट्टी द्यावी.

सर्वांत जास्त तक्रारी खडूमुळे येतात. बहुतेक पॅनलच्या चौकटीत इन्फ्रारेड किरणांची जाळी असते. बोटाने किरण अडला की पॅनलला स्पर्श कळतो. खालच्या पट्टीत साचलेली खडूची भुकटीही तोच किरण अडवते. मग पेन आपोआप रेघा मारते, एखादे बटण दाबलेलेच राहते आणि ‘पॅनल बिघडले’ असा शेरा पडतो. वास्तविक काहीच बिघडलेले नसते. पॅनल बंद करून कोरड्या मायक्रोफायबर कापडाने चारही कडा, त्यातही खालचे दोन कोपरे पुसावेत आणि पॅनल पुन्हा चालू करावे. पाणी किंवा स्प्रे थेट मारू नये. हे काम दर शनिवारी व्हावे. फळा ठेवावाच, फक्त तो पॅनलला चिकटून नको.

अर्थिंग कच्चे असेल तरीही टच भरकटतो. न्यूट्रल आणि अर्थिंगमधला व्होल्टेज मीटरवर तीन व्होल्टच्या आत दिसला पाहिजे. खाडीकाठच्या दमट हवेत पॅनल सुट्टीभर बंद राहिले की जोडण्यांवर गंज चढतो. आठवड्यातून तासभर ते चालू ठेवावे. इंटरनेटचे म्हणाल, तर दहा वर्गांत एकदम एचडी व्हिडिओ लावायला ५० एमबीपीएसच्या आसपास वेग लागतो. त्यापेक्षा ‘दीक्षा’ या सरकारी शैक्षणिक अ‍ॅपवरचे धडे आदल्या दिवशी उतरवून ठेवणे सोपे.

आता मूळ मुद्दा. अमेरिकेत मिनेसोटा राज्याने १९९१ मध्ये चार्टर शाळांचा कायदा केला: पैसा सरकारी, कारभार स्वतंत्र मंडळाचा आणि दोघांमध्ये लेखी करार. आपल्याकडच्या संस्थाचालित पालिका शाळांची रचना बरीचशी तशीच आहे. इमारत पालिकेची, शिकवणे संस्थेचे. पॅनल पालिकेच्या डेडस्टॉक रजिस्टरमध्ये (टिकाऊ सामानाच्या नोंदवहीत), वापर संस्थेकडे. अशा वेळी दुरुस्तीचा फोन कोणी करायचा आणि बिल कोणी भरायचे, हे करारात लिहिलेले नसेल तर ते कोणाचेच काम राहत नाही.

म्हणून करारात आणि निविदेत हे स्पष्ट असावे: वॉरंटी माल उतरल्यापासून नव्हे, तर बसवून चालू केल्याच्या तारखेपासून, तक्रारीनंतर ४८ तासांत तंत्रज्ञ शाळेत, दहा पॅनलमागे एक राखीव, ठेकेदाराच्या बिलातले दहा टक्के वर्षभर राखून, अ‍ॅडमिन पासवर्ड मुख्याध्यापकांकडे, ठेकेदाराच्या माणसाकडे नव्हे. मुलांची नावे आणि गुण साठवणारे अ‍ॅप असेल तर २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातल्या तरतुदी पाहूनच ते घ्यावे. शिक्षकांना एका दिवसाचे प्रात्यक्षिक पुरत नाही. पहिली दोन-तीन सत्रे त्यांच्याच वर्गात, त्यांच्याच धड्यावर व्हावीत.

या अटी करारात येईपर्यंत पुढची खरेदी लांबली तरी चालेल. अर्थिंगची तपासणी मात्र पालिकेच्या विद्युत विभागाने येत्या उन्हाळी सुट्टीत प्रत्येक शाळेत करून घ्यावी.

— शाळांतील संगणक व वीजजोडणीचे काम करणारे काही तंत्रज्ञ, ऐरोली व कळवा