‘रजि. नं.’ नेमका कशाचा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपल्या अंकाच्या घडीतून एक गुलाबी पत्रक आमच्या ओट्यावर पडले. तालुक्याच्या मंगल कार्यालयात संमोहन शिबिर. खर्रा, दारू, परीक्षेची भीती, जुनी डोकेदुखी आणि ‘बाहेरची बाधा’, सारे तीन सिटिंगमध्ये बंद! नावाआधी ‘डॉ.’, खाली ‘शासनमान्य, रजि. नं.’ आणि एक लांबलचक आकडा. असेच पत्रक, नाव तेवढे वेगळे, मी दोन वर्षांपूर्वी वाचले होते आणि त्याला भुललो होतो. म्हणून हे पत्र.

माझा भाचा तेव्हा बावीस वर्षांचा होता. रात्र रात्र जागायचा. धुऱ्यावर माणसे उभी राहून माझ्याबद्दल बोलतात, म्हणायचा. जिल्हा रुग्णालयाच्या गोळ्या सुरू होत्या, पण पोरगा दिवसभर पेंगतो म्हणून बहिणीचा जीव तुटायचा. कुणीतरी संमोहनवाल्याचे नाव सांगितले आणि मीच त्याला मोटारसायकलवर बसवून घेऊन गेलो. खोलीत भिंतभर चौकटी, सोनेरी शिक्के, त्यातली एक चौकट लंडनची. अकरा हजार घेतले, पावती नाही. ‘गोळ्यांनी मेंदू बधिर होतो, आजपासून बंद करा,’ असे सांगितले. आम्ही बंद केल्या. तिसऱ्या आठवड्यात मध्यरात्री १०८ बोलावून त्याला जिल्ह्याला न्यावे लागले. तिथले मनोविकारतज्ज्ञ आमच्यावर रागावले नाहीत, तेच जास्त लागले. एवढेच म्हणाले की भास होणाऱ्या रुग्णावर असले प्रयोग करायचे नसतात. आणि झोप जास्त येत होती तर डोस बदलता आला असता, तुम्ही विचारायला तरी यायचे.

पत्रकावरच्या आकड्याचा छडा पुढे माझ्या पुतणीने लावला. ती नर्सिंगला आहे. “काका, हा नंबर संस्थेचा हाये, डाक्टरचा नाही.” म्हणजे धर्मादाय कार्यालयात संस्था नोंदवली, तो क्रमांक. तसा तर आमच्या भजनी मंडळालाही आहे. उद्या आमच्या टाळकऱ्यांनी ‘शासनमान्य’ लिहून दवाखाना थाटावा काय?

यातली मेख अशी की आपल्या देशात संमोहन उपचारकांची वेगळी कायदेशीर नोंदवहीच नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २५ नोव्हेंबर २००३ च्या आदेशाने संमोहनाला उपचाराची एक पद्धत मानले. नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकांनी किंवा योग्य प्रशिक्षण घेतलेल्यांनी ती वापरावी, असे त्यात आहे. या ‘योग्य प्रशिक्षणा’च्या फटीतून वाटेल तो शिरतो. म्हणून ‘संमोहन कुठे शिकलात’ हे मागाहून विचारावे. आधी विचारावे, संमोहन सोडून तुम्ही कोण आहात? मनोविकारतज्ज्ञ असाल तर महाराष्ट्र वैद्यक परिषदेचा क्रमांक सांगा. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ असाल तर भारतीय पुनर्वसन परिषदेचा सांगा, १९९२ च्या कायद्याखाली ती परिषद अशा लोकांची नोंद ठेवते. दोन्हींच्या संकेतस्थळावर नाव टाकून शोधता येते, मोबाइलवर पाच मिनिटांचे काम. आयुर्वेद-होमिओपॅथीवाल्यांच्या परिषदा निराळ्या. त्यांचा क्रमांक खरा असला तरी मनाच्या आजाराचे काय शिक्षण घेतले, हे वेगळे विचारावेच लागते. आणि लंडनच्या चौकटीला भुलू नये. तिकडेही संमोहन उपचारकाला कायद्याने नोंदणीची सक्ती नाही, ज्या नोंदवह्या आहेत त्या ऐच्छिक.

संमोहन हे थोतांड आहे असे मला म्हणायचे नाही. वेदना, ताण यांत त्याचा उपयोग होतो, हे त्याच मनोविकारतज्ज्ञांनी सांगितले. क्लोरोफॉर्म यायच्या आधी, १८४५ पासून, बंगालात हुगळीला जेम्स एस्डेल नावाच्या डॉक्टरने रुग्णांना मोहनिद्रेत ठेवून शस्त्रक्रिया केल्याची नोंद आहे. पण तो कंपनी सरकारचा सर्जन होता, मंगल कार्यालयातला नव्हे.

पराटीचे बियाणे घेताना आपण पिशवीवरचा लॉट नंबर पाहतो, कृषी केंद्रातून पक्के बिल मागतो. बिल नसले तर उगवण फसल्यावर आपली तक्रार कोणी ऐकत नाही, हे ठाऊक असते. पोराचे डोके कुणाच्या हाती देताना मात्र तोंड उघडत नाही. बहीण तेव्हा म्हणाली होती, “येवढ्या मोठ्या मानसाले कसं इचाराव?” मीही गप्प बसलो, आणि मी तर ग्रामपंचायतीत दोन वेळा निवडून आलेला माणूस!

भाचा आता बरा आहे. गोळी चालू आहे, यंदा डवरणीला तोच होता. रात्री-अपरात्री घाबरायला झाले तर सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ क्रमांक फुकट आहे, मराठीतही बोलतात. आम्हाला तो तेव्हा ठाऊक नव्हता.

पत्रके एजंट परस्पर घडीत घालतात आणि आपल्या कार्यालयाला पत्ता नसतो, हे मी जाणतो. तरी एजंटांना सांगावे, ‘डॉ.’ लावलेल्या पत्रकावर परिषदेचे नाव आणि क्रमांक नसेल तर ते घेऊ नका. आपल्या पानांवरच्या जाहिरातींनाही तोच नियम लावावा. आणि जमल्यास तालुका वार्ताहराला त्या शिबिरात पाठवून, तो ‘रजि. नं.’ कशाचा हे विचारून छापावे. शिबिर येत्या शुक्रवारी आहे.

आपला,
एक कापूस उत्पादक वाचक
ता. आर्णी, जि. यवतमाळ