गाव आधी, राजा मागाहून

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतलं नायजेरियाचं प्रवासवर्णन वाचलं. फोटो झकास आहेत. पण 'अबेओकुटा हे योरुबा शहर इंग्रज मिशनऱ्यांनी वसवलं' हे वाक्य तेवढं खटकलं. मशीद बंदरच्या एका कापड पेढीने मला लागोसच्या कचेरीत धाडलं होतं. १९७९ ते ८४ अशी पाच वर्षं तिथे काढली, म्हणून हे पत्र.

हेन्री टाउनसेंड हा मिशनरी अबेओकुटाला पहिल्यांदा आला १८४३ साली आणि मिशनचं बिऱ्हाड तिथे पडलं १८४६ला. गाव वसलं होतं १८३०मध्येच. पाहुणा आला म्हणून घर त्याने बांधलं असं होत नाही.

वसवलं ते परागंदा माणसांनी. योरुबा लोकांचं ओयो साम्राज्य ढासळत होतं, जो तो उठून लढत होता. ओवू नावाचं शहर शत्रूंनी वेढा घालून पाडलं, मग एग्बा या योरुबांच्याच एका शाखेची रानातली गावं एकामागून एक उद्ध्वस्त झाली. काहींनी आधी इबादानमध्ये आसरा घेतला. तिथे खटके उडायला लागले तसे सोडेके नावाच्या म्होरक्यामागून ते निघाले आणि ओगुन नदीच्या पूर्वेला ओलुमोच्या कातळाखाली येऊन थांबले. अबे ओकुटा म्हणजे दगडाखाली. कातळाच्या पोटात बुटक्या खोल्यांसारख्या कपारी आहेत. धान्य भरडून भरडून खडकाला पडलेले खळगे वाटाड्या बोट घालून दाखवतो. मी वाकून आत शिरलो आणि टाळकं आपटून घेतलं.

पण खरी गंमत कातळात नाही, तिथल्या वाडीवस्त्यांत आहे. शंभरावर गावांची माणसं इथे आली. कुणीही आपलं गाव सोडलं नाही, म्हणजे जागा सोडली, नाव नाही. केम्टावाले एका अंगाला, इजेमोवाले दुसऱ्या. प्रत्येकाचे मानकरी वेगळे, पंचायत वेगळी. ओवूचे लोक चार वर्षांनी येऊन मिळाले, तेही आपलं नाव घेऊनच. आमच्या कचेरीतला हिशेबनीस ओवूचा. त्याला कुणी एग्बा म्हटलं की पेन खाली ठेवून आधी ते दुरुस्त करायचा, मग बेरीज.

इटोकूच्या बाजारात निळीने रंगवलेलं आदिरे कापड मिळतं. कसाव्याच्या खळीने नक्षी काढतात, मग कापड निळीत बुडवतात, खळीखालचा भाग फिका राहतो. तिथल्या एका म्हातारीला मी तिचं गाव विचारलं. म्हणाली, केम्टा. मी म्हटलं, ते तर इथलंच, चार गल्ल्या पलीकडे. ती म्हणाली, ते नव्हे, रानातलं. रानातलं केम्टा मोडून तेव्हा दीडशे वर्षं झाली होती!

मला ते लगेच कळलं, कारण मी लालबागच्या गावकीच्या खोलीत वाढलो. वीस-बावीस गिरणी कामगार, सगळे एका गावचे, पाळीपाळीने त्याच चटईवर झोपणारे. भिंतीला ट्रंका, कोनाड्यात मंडळाची कुलूपबंद पेटी. नवीन माणूस दारात आला की पहिला प्रश्न, 'खंयचो तू?' लालबागचो, असं उत्तर आजवर कुणी दिलेलं ऐकलं नाही. आता तिथे टॉवर उभा राहतोय, तरी मंडळाची सभा होतेच.

दुसरी गोष्ट. लेखात 'राजाने गाव स्थापलं' असंही एके ठिकाणी आहे. सोडेके राजा नव्हता, लढाईतला पुढारी होता. तो वारला आणि १८५४ साली ओकुकेनू अलाके, म्हणजे राजा, म्हणून गादीवर बसला, तोवर सगळ्या गावाचा असा राजाच नव्हता. चोवीस वर्षं! त्याच काळात, १८५१मध्ये, शेजारच्या दाहोमी राज्याच्या फौजेने हल्ला केला, तो गावाने परतवून लावला.

मिशनऱ्यांचं श्रेय नाकारायचं नाही. टाउनसेंडनेच १८५९मध्ये तिथून 'इवे इरोहिन' हे योरुबा वर्तमानपत्र काढलं, किंमत एकशे वीस कवड्या. आपलं 'दर्पण' १८३२चं, म्हणजे अबेओकुटाहून दोनच वर्षांनी धाकटं. पण वर्तमानपत्र काढणं निराळं नि गाव वसवणं निराळं.

दोन्ही चुकांची दुरुस्ती छापावी. आणि छापताना नाव जपून जुळवा. रविवारी मथळ्यात 'अबेकुटा' झालं आहे.

– एक निवृत्त कारकून, लालबाग, मुंबई