नाव विचारायचं राहिलं त्यांचे आभार

वारा भरपूर असताना पवनचक्क्यांच्या जादा विजेवर हायड्रोजन बनवायचा, जमिनीखाली ठेवायचा, गरजेला वर काढायचा. आमचं संशोधन एवढंच. इंग्लंडात टीसाइडला मिठाच्या पोकळ्यांत तो १९७२पासून साठवतात. आम्ही वालुकाश्माच्या छिद्रांत किती टिकतो ते बघतो.

इंग्लंडातल्याच कीवर्थ गावच्या खडकसंग्रहातल्या बाईंनी नमुन्यांचे ट्रे उपसून, कुठला खडक किती खोलवरचा त्याचे पुसट झालेले आकडे भिंगातून वाचून दिले.

मार्चमध्ये आमच्या उपकरणातला वायूचा दाब रात्रभर उतरायचा. सांगलीची माझी विद्यार्थिनी रडकुंडीला आलेली, मी आपला आकडेमोडीत चूक शोधतोय! वर्कशॉपमधल्या काकांनी जोडाला साबणाचं पाणी लावलं. दोन बुडबुडे. वायसर गेलं होतं. प्राध्यापकाला हे सुचू नये, म्हणजे कमालच.

रोजे धरून रीडिंग घेणाऱ्या नायजेरियन विद्यार्थ्यासाठी रात्रपाळीचे सुरक्षारक्षक बरोबर सूर्यास्ताला खजूर आणत. प्रयोगशाळेत खायला बंदी, म्हणून दोघं जिन्यात बसायचे. तेवढा वेळ रीडिंग सांगलीकरीणबाई घेत.

तुम्हा तिघांचे मनापासून आभार. दोन्ही विद्यार्थ्यांचे प्रबंध सादर झालेत. रक्षककाका, यंदा खजूर आमच्याकडून, त्याच जिन्यात.