कांद्याच्या आलेखाबद्दल

चि. ऋतुजास अनेक आशीर्वाद.

नोकरीसाठी केलेल्या डेटाच्या प्रोजेक्टांची तू पाठवलेली गिटहबची, म्हणजे कोड ठेवायच्या साइटची, लिंक मामाला दाखवली. त्याच्या कंपनीत मुलाखती घेणाऱ्यांत तो असतो, म्हटलं बघू दे. टायटॅनिक बोटीवरचं कोण वाचलं, तो प्रोजेक्ट त्याने उघडलासुद्धा नाही. नोकरीला येणारा जो तो कॅगल या साइटवरचा तोच डेटा घेऊन येतो म्हणे. त्या ८९१ प्रवाशांचं काय झालं ते १९१२ सालीच ठरलंय, त्यात तू नवीन काय सांगणार? कांद्याच्या भावाचा प्रोजेक्ट मात्र तो बराच वेळ बघत बसला. मग म्हणाला, "दाजी, यातलं तुम्हाला जास्त कळतं. तुम्हीच तपासा."

कोड मला कळत नाही, पण बाजार कळतो. तुझ्या आलेखातली भावाची रेघ मध्येच शून्यावर आपटते आणि दुसऱ्या दिवशी परत वर. ते दिवस कॅलेंडरशी लावून बघ, बऱ्याच ठिकाणी अमावस्या निघेल. आपल्याकडे अमावस्येला लिलाव बंद ठेवायची जुनी रीत होती, आणि तू तर लासलगावात वाढलीस! बाजार बंद म्हणजे भाव शून्य नव्हे, त्या दिवशी भाव निघालाच नाही.

नोव्हेंबरच्या आसपास तू सगळ्या कांद्याची एकच सरासरी धरली आहेस. त्या दिवसांत चाळीत साठवलेला उन्हाळ कांदा संपत आलेला असतो आणि नवा लाल यायला लागतो. लाल टिकत नाही, उन्हाळ टिकतो, दोघांचे भाव वेगळे निघतात. दोन्ही एकत्र केलेस की भाव पडल्यासारखा दिसतो, आणि प्रत्यक्षात फक्त माल बदललेला असतो. विंचूर आणि निफाडचे आकडेही अॅगमार्कनेट या बाजारभावांच्या सरकारी साइटवर वेगळे येतात, ते लासलगावात मिसळू नकोस.

डिसेंबर २०२३ मधली घसरण तू "आउटलायर", म्हणजे बाकीच्यांत न बसणारा आकडा, म्हणून गाळलीस ते तर अजिबात पटलं नाही. ८ डिसेंबरला निर्यातबंदी आली, जिल्ह्यात ठिकठिकाणी लिलाव बंद पडले. बंदी उठायला ४ मे २०२४ उजाडला, तेही ४० टक्के निर्यात शुल्क आणि टनाला ५५० डॉलर किमान निर्यात दर लावूनच. त्या दिवसांत व्यापाऱ्याच्या खळ्यावर हिशोब लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला विचार, ते आकडे चुकीचे होते का.

हे सगळं रीडमीत, म्हणजे प्रोजेक्टसोबतच्या माहितीच्या फायलीत, लिही. डेटा कुठून आणि कोणत्या तारखेला उतरवला, कोणते दिवस रिकामे आहेत आणि का, काय गाळलं आणि काय ठेवलं. मामा म्हणतो, तो आधी रीडमी वाचतो, कोडकडे नंतर वळतो. मॉडेल किती अचूक आलं यापेक्षा पोरीने आकड्यांवर शंका घेतली का, हे त्याला बघायचं असतं. तुझ्या कमिटच्या यादीत, म्हणजे बदलांच्या नोंदींत, नुसतं "अपडेट, अपडेट, फायनल, फायनल २" दिसतं, त्यावर तो हसला. तिथे "बंद दिवसांचे शून्य काढले" असं लिहिलेलं असतं तर काम कसं पुढे गेलं ते न विचारता कळलं असतं. कोड एआयकडून लिहून घेतलास तरी त्याची हरकत नाही, पण कोणत्याही ओळीवर बोट ठेवून "ही का?" असं तो विचारणार.

एक काम मात्र आजच कर. सरकारी पोर्टलची तुझी एपीआय की, म्हणजे डेटा उतरवायची गुप्त किल्ली, कोडमध्ये तशीच दिसतेय. ती ओळ पुसून भागत नाही, गिटच्या जुन्या नोंदींत ती राहतेच. की रद्द करून नवी घे.

आता तू मागितलेल्या, कांदा विकल्यावर शेतकऱ्याला देतो त्या हिशोबपट्ट्यांच्या फोटोंचं. ते मिळणार नाहीत. पट्टीवर शेतकऱ्याचं नाव असतं, गाव असतं, कधी मोबाइल नंबर आणि बँक खातंही असतं. त्याने ते पैसे मिळावेत म्हणून दिलंय, तुझ्या नोकरीसाठी नाही. आणि परक्याची माहिती अशी उघड्यावर टाकणाऱ्या मुलीला कोणती कंपनी आपला डेटा हाताळायला देईल? नावं गाळून रोजची आवक आणि किमान, कमाल, सर्वसाधारण भाव एवढंच एक्सेलमध्ये उतरवून देता येईल. त्यासाठीही आधी मालकांना विचारतो. ते नाही म्हणाले तर पोर्टलवरच्या आकड्यांवरच भागव.

तुझे,
बाबा